सीबीटीत पुढे, सीबीएटीत बाहेर: एका एएलपी उमेदवाराची केस

आधी केस काय ती सांगतो. भुसावळकडचा पोरगा, आयटीआय इलेक्ट्रिशियन, घरी रेल्वेत कोणी नाही. २०१८च्या असिस्टंट लोको पायलटच्या (एएलपी, म्हणजे इंजिनात ड्रायव्हरच्या जोडीला असतो तो) भरतीत, तीच ६४,३७१ जागांची मोठी भरती ज्यात एएलपीच्या एकट्या २७,७९५ होत्या, त्यात हा सीबीटी-१ (कॉम्प्युटरवरची पहिली परीक्षा) पास, सीबीटी-२ला बरोबरच्या सगळ्या पोरांपेक्षा जास्त मार्क, पार्ट बी, म्हणजे ट्रेडचा नुसता पास व्हायचा भाग, तो पण आरामात निघाला. घरी पेढे वाटून झाले. मग २०१९च्या मे मध्ये सीबीएटी, म्हणजे ॲप्टिट्यूड टेस्ट, झाली आणि त्यातल्या पाच बॅटऱ्यांपैकी, म्हणजे पाच वेगवेगळ्या टेस्टांपैकी, एका बॅटरीत टी-स्कोअर आला ३९. पाहिजे होता ४२. बाकी चारही क्लिअर, त्यातल्या दोन तर साठच्या वर. तरी बाहेर.

त्याच्यानंतर एएलपीची पुढची जाहिरात आली थेट २०२४च्या जानेवारीत. म्हणजे एका बॅटरीतल्या तीन पॉइंटांनी पोराला पुढचा फॉर्म भरायला जवळजवळ पाच वर्षं थांबवलं. तोपर्यंत तो जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मेंटेनन्सला, आठवडा दिवसपाळी आठवडा रातपाळी. मी मालगाडीवर लोको पायलट आहे, त्याच्या मोठ्या भावाचा शाळेपासूनचा दोस्त, म्हणून २०२४ला तो माझ्याकडे आला. पोराचं नाव-गाव मुद्दाम देत नाही.

आला तेव्हा पहिलं वाक्य काय, तर "भाऊ, माझा आयक्यू कमी आहे का?" मी म्हटलं बस आधी, चहा घे.

आता ज्यांना सीबीएटी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्युटर बेस्ड ॲप्टिट्यूड टेस्ट, जुनी माणसं अजून सायको टेस्टच म्हणतात. सीबीटी-२ मधून जागांच्या आठपट पोरं याला बोलावतात. पाच टेस्ट असतात: मेमरी, फॉलोइंग डायरेक्शन, डेप्थ पर्सेप्शन, कॉन्सन्ट्रेशन आणि पर्सेप्च्युअल स्पीड. प्रत्येकीत वेगवेगळा किमान ४२ टी-स्कोअर लागतो आणि यात कुठल्याही कॅटेगरीला सूट नाही, ओपन असो की एससी-एसटी की माजी सैनिक, सगळ्यांना ४२च. निगेटिव्ह मार्किंग नाही. पाचही पास झालात तर मेरिट लागतं, त्यात ७० टक्के वजन सीबीटी-२च्या पार्ट एचं, म्हणजे मार्क धरतात त्या भागाचं, आणि ३० टक्के सीबीएटीचं.

याच्यात जो पेच आहे तो बहुतेक पोरांना कळतच नाही आणि क्लासवाले सांगत नाहीत. सीबीटी ही बेरजेची परीक्षा आहे. गणित कच्चं असलं तर सायन्समध्ये ओढून घ्या, करंट अफेअर्स येत नाही तर रीझनिंग फुल करा, शेवटी टोटल बघतात. तीन-चार वर्षं स्पर्धा परीक्षा करून पोरांच्या हाताला हीच सवय लागते, येतं ते धरायचं, येत नाही ते सोडायचं. सीबीएटीत टोटल नंतर येते, आधी पाच वेगवेगळे गेट आहेत आणि एका गेटवर अडकलात की बाकीच्या चार गेटांवर तुम्ही काय पराक्रम केला ते कोणी विचारत नाही. आमच्या पोराच्या साठच्या वरच्या दोन बॅटऱ्यांचा त्याला शून्य उपयोग झाला.

आणि टी-स्कोअर म्हणजे काय तेही समजून घ्या, कारण पोरं "४२ म्हणजे शंभरातले ४२" असं धरून चालतात. तसं नाहीये. टी-स्कोअरात सरासरी ५० धरतात आणि एक स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे १०. म्हणजे ४२ हा सरासरीच्या ०.८ डेव्हिएशन खाली येतो. मार्कांचा पसारा नेहमीसारखा घंटेच्या आकाराचा धरला तर साधारण पाचातला एक जण कुठल्याही एका बॅटरीत ४२च्या खाली जाणारच. आता पाचही बॅटऱ्या एकमेकींशी काही संबंध नसलेल्या आहेत असं धरून हिशेब केला तर दहातली तीनच पोरं सगळ्यांतून निघतात. प्रत्यक्षात तेवढं वाईट नसतं, एकीत चांगला असतो तो दुसरीतही बऱ्यापैकी असतो. पण पोराला मी हा हिशेब कागदावर करून दाखवला कारण त्याच्या डोक्यातून ते आयक्यूचं भूत काढायचं होतं. म्हटलं, आजूबाजूला बसलेलं प्रत्येक पोरगं सीबीटी-२ काढून आलेलं, त्यांच्यातली सरासरी ती, आणि तू एका ठिकाणी थोडा खाली गेलास. बस एवढंच झालंय. आता कुठे आणि का ते शोधू.

कुठे ते स्कोअरवर लिहिलेलंच होतं. फॉलोइंग डायरेक्शन. का, हे शोधायला मात्र वेळ लागला.

या टेस्टमध्ये साधारण काय असतं तर समोर अक्षरांची चौकट, ओळी आणि स्तंभ, आणि खाली सूचना. मी त्याला घरी बनवून दिलेला एक नमुना सांगतो: दुसऱ्या ओळीतलं चौथं अक्षर जर पहिल्या ओळीतल्या चौथ्या अक्षरासारखंच असेल तर उत्तर म्हणजे तिसऱ्या स्तंभातलं पहिलं अक्षर, आणि नसेल तर दुसऱ्या ओळीतल्या त्या अक्षराच्या डावीकडचं दुसरं अक्षर. याच्यात अवघड काय आहे? काहीच नाही. पाचवीचं पोरगं करेल. पण घड्याळ लावून असे एकामागून एक करा, मग बघा.

मी त्याला पंधरा-वीस असे दिले आणि मागे उभा राहून बघत बसलो. पोरगा "असेल तर" पर्यंत वाचायचा आणि बोट चौकटीवर पळायचं. अक्षरं सारखी नाहीत हे कळल्यावर परत सूचनेवर यायचा, "नसेल तर" कुठे आहे ते शोधायचा, मग डावीकडचं दुसरं कोणाच्या डावीकडचं ते विसरलेला असायचा, परत वर. एकेका प्रश्नाला तीन फेऱ्या. उत्तरं बरोबर यायची हो, पण वेळेत निम्मेच व्हायचे.

मग मी त्याला एक भलताच प्रश्न विचारला. ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्या ट्रेनी ड्रायव्हर घेताना टेस्टबरोबर मुलाखत पण घेतात, आणि तिथे तुमच्या आधीच्या आयुष्यातले प्रसंग विचारतात, नियम पाळण्यावरचे, लक्ष लागण्यावरचे, गडबडीत डोकं शांत ठेवण्यावरचे. आपल्याकडे एएलपीला मुलाखत नाही, त्याच्यावर खाली येतोच, पण प्रश्न मला कामाचे वाटले. म्हणून विचारलं, कारखान्यात असा कुठला प्रसंग सांग की नियम पाळल्यामुळे तुझं काम लांबलं. खूप वेळ गप्प. मग म्हणतो, "भाऊ, खरं सांगू का, काम लांबलं असं कधी झालंच नाही, मी करून टाकतो ना पटकन." मशीनचा मेन बंद करून त्याच्यावर कुलूप आणि टॅग लावायचा, मग हात घालायचा, असा नियम आहे त्यांच्याकडे. हा मेन बंद करायचा, पण कुलूप-टॅग लावायचाच नाही. नवीन मशीन आलं तर मॅन्युअल उघडायचंच नाही, दोन बटणं दाबून बघायची. सुपरवायझर खूश, कारण पोरगा फास्ट.

इथे मला उत्तर सापडलं. पोराचा मेंदू मंद वगैरे काही नव्हता, उलट जरा जास्तच उतावळा होता. अर्धी सूचना ऐकली की हात चालू. कारखान्यात हे खपतं, कारण मशीन बंद असतं आणि परत करता येतं. गाडीवर कसं खपेल? आमच्याकडे ड्युटीवर निघताना कॉशन ऑर्डर मिळते, अमुक किलोमीटर ते तमुक किलोमीटर स्पीड ३०, पुढे एका ठिकाणी थांबून मग १०, कुठे पूल, कुठे रूळ बदललेत, कुठे माणसं कामाला लागलीयत. हा कागद वाचायचा तो पूर्ण वाचायचा, लोको पायलटने आणि असिस्टंटने दोघांनी, आणि मग रात्री दोन वाजता पावसात तो किलोमीटरचा दगड यायच्या आधी आठवायला पाहिजे. फॉलोइंग डायरेक्शन ही टेस्ट कोणी पोरांना छळायला काढलेली नाही. आरडीएसओ म्हणजे रेल्वेची संशोधन संस्था, तिचं सायको-टेक्निकल डायरेक्टोरेट आहे लखनौला, तिथे हे सगळं ठरतं, आणि टेस्टच्या पॅटर्नची माहिती आरडीएसओच्या वेबसाइटवर फुकट ठेवलेली आहे. जाहिरातीत तसं लिहिलेलं पण असतं. जाहिरात पूर्ण कोण वाचतो म्हणा.

दुसरं कारण भाषेचं निघालं. सीबीटी-१ आणि सीबीटी-२ मराठीतून देता येतात, याने दोन्ही मराठीतूनच दिल्या होत्या. सीबीएटी फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते. भुसावळचा पोरगा म्हणजे हिंदी बोलायला पाणी, स्टेशनवर अर्धं गाव हिंदीच बोलतं. पण बोलणं वेगळं आणि घड्याळ चालू असताना "पंक्ति", "बाएँ से तीसरा", "ठीक नीचे" वाचून लगेच डोळा योग्य जागी नेणं वेगळं. डावं-उजवं तर त्याचं दर चौथ्या प्रश्नाला उलटं व्हायचं. इंग्रजीचा अजूनच आनंद. २०१९ला त्याने तिथे बसल्यावर ठरवलं होतं की कुठली भाषा बघायची, आणि अर्धा वेळ एकीतून दुसरीत उड्या मारल्या. हे ऐकून मी कपाळावर हात मारला, पण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं तर तो तरी काय करणार. यावेळी पहिल्या दिवसापासून हिंदी ठरवली आणि सगळा सराव हिंदीतून, सूचना मीच हिंदीत लिहून द्यायचो, माझी हिंदी बघून तो हसायचा ते सोडा.

तिसरं कारण सगळ्यात बारीक आणि माझ्या मते बाकी बऱ्याच पोरांना लागू पडणारं. सीबीटीत एक तृतीयांश निगेटिव्ह आहे. त्यामुळे खात्री नसली की सोडून पुढे, ही सवय हाडात मुरलेली. सीबीएटीत निगेटिव्ह नाही हे याला माहीत होतं, विचारलं तर सांगायचा, पण हात ऐकत नव्हता. दोन पर्यायांत अडकला की रिकामं सोडायचा. बॅटरीची वेळ संपत आली की बाकीचे तसेच. बाकीची पोरं तेच प्रश्न भरून मोकळी होत असणार आणि टी-स्कोअर तर सगळा इतरांच्या तुलनेत निघतो. तीन पॉइंट इथेच गेले असतील असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण गेले असतील तर नवल वाटायला नको.

तयारी कशी केली

क्लासचं पॅकेज घ्यायचं का यावर घरात वाद झाला. भाऊ म्हणाला घे, पैसे मी देतो. मी विरोधात होतो. पॅकेज वाईट असतं असं नाही, पण त्यात पाचही बॅटऱ्यांचे सारखे सेट असतात आणि पोरगं साहजिकच ज्यात मजा येते ते जास्त सोडवतं. याला पर्सेप्च्युअल स्पीड आवडायची, डावीकडच्या आकृतीसारखी हुबेहूब आकृती उजवीकडच्या पर्यायांतून शोधायची, त्यात तो साठच्या वर होताच. तिथे सत्तर करून काय मिळणार होतं? मेरिटमध्ये थोडं, पण आधी मेरिटपर्यंत पोचायला हवं. म्हणून ठरवलं, पहिला महिनाभर फक्त फॉलोइंग डायरेक्शन आणि थोडी डेप्थ पर्सेप्शन, कारण तिथे पण तो ४४लाच होता, म्हणजे काठावर.

फॉलोइंग डायरेक्शनला एकच नियम लावला. सूचना शेवटच्या शब्दापर्यंत वाचून होईपर्यंत माउसला हात नाही, हात मांडीवर. हे वाचायला बालिश वाटेल. पहिले आठ-दहा दिवस त्याचा स्पीड अजून कमी झाला आणि तो वैतागला, "भाऊ, असं तर मी ३५ला जाईन." मी म्हटलं जा. मग हळूहळू एकच फेरी व्हायला लागली, आणि एकदा एका फेरीत उत्तर यायला लागलं की स्पीड आपोआप वर. याच्याबरोबर मी त्याला खोट्या कॉशन ऑर्डरी लिहून द्यायचो, सात-आठ निर्बंध, एकदा वाचायची, कागद उलटा, आणि मग मी किलोमीटर बोलायचो तर त्याने स्पीड सांगायचं. सीबीएटीत असं काही विचारत नाहीत. पण त्याला कळलं की हे वाचणं कशासाठी आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्या पण ज्ञानात भर पडली की मी स्वतः किती वाचतो ते.

डेप्थ पर्सेप्शनमध्ये विटांची रास दाखवतात आणि विचारतात की अमुक विटेला किती विटा टेकलेल्या आहेत. दिसतात त्या सगळे मोजतात, मागच्या आणि खालच्या राहतात. याच्यासाठी किराणा दुकानातून काडेपेट्यांचा एक अख्खा पुडा आणला, तशा राशी टेबलावर रचल्या, आधी एका बाजूने बघून मोजायचं आणि मग उठून मागे जाऊन तपासायचं. कोपरा नुसता कोपऱ्याला लागला तर धरायचा की नाही असले प्रश्न त्याला पडायला लागले म्हणजे बरोबर रस्त्यावर आला. उत्तर सूचनेत असतं, वाचून घ्यायचं. दोन आठवड्यांत हा विषय संपला, स्क्रीनवरची चित्रं त्याला सरळ दिसायला लागली.

मेमरीसाठी तो काही ॲपवर शिकलेल्या ट्रिका करायचा, प्रत्येक इमारतीला एक गोष्ट जोडायची वगैरे. नकाशातल्या इमारती कुठे होत्या एवढंच आठवायचं असतं तर गोष्टी कशाला. आम्ही नवीन सेक्शनवर जातो तेव्हा आधी रोड लर्निंग करतो, दुसऱ्याच्या गाडीवर बसून सिग्नल कुठे, चढ कुठे, फाटक कुठे ते बघत जायचं, आणि ते लक्षात राहतं ते ओळीने राहतं, सुटं राहत नाही. त्याला तेच सांगितलं. नकाशात एका टोकापासून चालायला लाग, डावीकडे काय, उजवीकडे काय, वळण कुठे. जमलं.

कॉन्सन्ट्रेशनची गंमत वेगळी. ही टेस्ट एकटी घेतली की याचे मार्क चांगले, पाचही लागोपाठ घेतल्या की पडायचे. आणि रातपाळी करून आलेल्या सकाळी घेतल्या तर विचारूच नका. खऱ्या परीक्षेत पाचही एका बैठकीत असतात, म्हणून शेवटच्या महिन्यात सुटं काही करायचं नाही, रोज एकदा पाचही क्रमाने, मध्ये उठायचं नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. कंटाळा येतो, यायलाच पाहिजे. इंजिनात व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस असतं, मिनिटभर तुम्ही काहीच हालचाल केली नाही की ते दिवा आणि बझर लावून उठवतं आणि तरी ऐकलं नाही तर ब्रेक लावतं. ते बसवलंय कशासाठी, तर कंटाळ्यासाठीच.

आणि हे सगळं मोबाइलवर नाही. २०१९ला त्याने पूर्ण सराव मोबाइलवर केला होता, आणि तिथे एकदम मोठी स्क्रीन आणि माउस. यावेळी भावाने जुना कॉम्प्युटर कुठून तरी आणला, माउसचं वायर तुटकं, चिकटपट्टी लावून चाललं.

मुलाखतीचा विषय

सीबीटी-१ २०२४च्या नोव्हेंबरात झाली, जागा तोपर्यंत ५,६९६ वरून १८,७९९ झालेल्या, त्यामुळे घरात परत आशा. सीबीटी-२चा निकाल लागला तसा एक माणूस त्यांच्या घरी येऊन बसला. म्हणे सायको टेस्टनंतर इंटरव्ह्यू असतो, भरती बोर्डात आपली ओळख आहे, इंटरव्ह्यूचं बघून घेतो, अर्धे आत्ता अर्धे ऑर्डर आल्यावर. आई बिचारी दागिन्यांचा डबा काढायच्या तयारीत. मला फोन आला, "बाबा, तू एकदा येऊन जा रे."

गेलो आणि सांगितलं की मावशी, केंद्र सरकारच्या या खालच्या पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६पासूनच बंद झाल्यात, एएलपीला मुलाखत नावाची पायरीच नाही, तर हा माणूस बघून काय घेणार आहे? सीबीएटीनंतर डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन (डीव्ही) आणि मेडिकल, बस. असले लोक दर भरतीत फिरतात आणि त्यांचं गणित पक्कं असतं, दहा जणांकडून घ्यायचं, दोन पोरं स्वतःच्या हिमतीवर लागतातच, त्यांचे ठेवायचे, बाकीच्यांना पुढच्या वेळचं सांगायचं. पोरगा म्हणाला पण, "मुलाखत असती तर बरं झालं असतं, मी बोलायला चांगला आहे." ते खरं आहे.

मुलाखत नसली तरी डीव्हीला पोरं पडतात ती कागदांवर. आपल्याकडचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे ओबीसीचं नॉन-क्रिमी लेयर. राज्याच्या नमुन्यातलं घेऊन जातात, तिथे केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि जात केंद्राच्या यादीत पाहिजे. राज्याचं एसईबीसी तर तिथे चालतच नाही. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव, आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, हे अजून एक. त्याचे कागद मी जाहिरात समोर ठेवून एकेक बघितले, तहसीलच्या दोन चकरा झाल्या, झालं.

डोळ्यांचं मात्र आधीच

एएलपीला ए-वन मेडिकल लागतं. चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६, जवळचं पण चष्म्याशिवाय, त्यात फॉगिंग टेस्ट (डोळ्यापुढे भिंग लावून लपलेला नंबर शोधतात ती), रंग ओळखणं, दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणं, बाजूचं दिसणं, रात्रीचं आणि संधिप्रकाशातलं दिसणं, सगळं. चष्मा घालवायचं लेसिक ऑपरेशन करून आलात तर बाद. आणि मेडिकलला नापास झालात तर बदल्यात दुसरी नोकरी देत नाहीत. हे सगळं शेवटी कळून काय उपयोग? मी तर म्हणतो एएलपीचा फॉर्म भरायच्या आधी पोराने एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन सांगावं की रेल्वेचं ए-वन आहे, फॉगिंगसकट बघा. आमच्या ओळखीतल्या एकाने दोन वर्षं अभ्यास केला आणि रंगांधळेपणा तपासायच्या इशिहाराच्या पुस्तकातला ठिपक्यांमधला आकडा त्याला दिसतच नव्हता.

शिवाय सीबीएटीच्या दिवशीच डोळ्यांचं सर्टिफिकेट ओरिजिनल, दिलेल्या नमुन्यात, नेत्रतज्ज्ञाच्या सहीचं, बरोबर न्यावं लागतं, नाहीतर बसू देत नाहीत. याने दोन आठवडे आधी करून ठेवलं. सेंटरच्या गेटवर त्याच्यापुढच्या पोराकडे झेरॉक्स होती. तो तिथून फोन लावत बसला होता, पुढे काय झालं कळलं नाही.

निकाल

२०२५च्या जुलैत सीबीएटी झाली. आदल्या आठवड्यात रातपाळी बदलून घेतली होती, सुपरवायझरने कुरकुर केली पण दिली. बाहेर आल्यावर फोन केला, मी गाडीवर होतो, उतरल्यावर बोललो. म्हणाला, "भाऊ, फॉलोइंग डायरेक्शनला शेवटचे पाच-सहा वाचायला वेळ नव्हता, सगळे भरून टाकले." मी म्हटलं शाब्बास.

पाचही क्लिअर. फॉलोइंग डायरेक्शनला ४९, डेप्थला ५३, बाकी वर. त्याची लाडकी पर्सेप्च्युअल स्पीड २०१९पेक्षा जरा खाली आली, साहजिक आहे, तिच्याकडे आम्ही बघितलंच नव्हतं. याचं दुसरं टोक असं की सीबीटी-२चे मार्क यावेळी कमी होते. सहा वर्षं पुस्तक बंद, त्यात बारा-बारा तासांची पाळी, आणि ७० टक्के वजन त्याचंच. त्यामुळे पाचही पास होऊनसुद्धा लिस्ट लागेपर्यंत जीव टांगणीलाच होता. माझं म्हणणं असं की सीबीएटीच्या धास्तीने आम्ही सीबीटी-२ला जेवढा वेळ द्यायला हवा होता तेवढा दिला नाही, आणि पर्सेप्च्युअलकडे पण थोडं बघायला हवं होतं. त्याच्या भावाचं म्हणणं उलटं आहे, की गेट निघालं तेच महत्त्वाचं. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही, कारण पोरगा लिस्टमध्ये आला, पण फार वर नाही आला.

डीव्ही झालं, कागदांवर काही निघालं नाही. मेडिकलला दोन दिवस गेले, फॉगिंगला जरा वेळ लागला, पण ए-वन फिट. ट्रेनिंगचं पत्र अजून यायचंय. पगाराची लेव्हल २, बेसिक १९,९००, वर गाडीवर गेल्यावर मायलेज, म्हणजे किलोमीटरप्रमाणे मिळणारा भत्ता. कारखान्यातली नोकरी त्याने सोडायचं म्हटलं होतं, मी अडवलं, पत्र हातात येऊन तारीख कळेपर्यंत पाळी चालू ठेव, मध्ये किती महिने जातील त्याचा नेम नसतो. त्याच्या चुलतभावाने ९,९७० जागांच्या पुढच्या भरतीचा फॉर्म भरलाय, काडेपेट्या आता त्याच्याकडे आहेत.